सलीम अलींनी पक्ष्यांच्या कामाचा हिशोब मांडला, पण भरतपूरच्या म्हशी त्यातून सुटल्या

चेंबूर म्हटलं की आज काय आठवतं? रिफायनरीच्या चिमण्या, खताचा कारखाना, मोनोरेल आणि हायवेचं ट्रॅफिक.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी हेच चेंबूर मुंबईकरांचं सुट्टीला जायचं गाव होतं. आजूबाजूला ट्रॉम्बेच्या टेकड्या आणि टेकड्यांवर जंगल. गिरगावजवळच्या खेतवाडीत राहणारं एक मोठं कुटुंब सुट्टी लागली की इथे यायचं. त्या घरातला एक पोरका मुलगा पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या दयाळ पक्ष्याचं गाणं ऐकायचा. पुढे म्हातारपणीसुद्धा दयाळ गायला लागला की त्याला चेंबूरच आठवायचं.

तो मुलगा म्हणजे सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. भारताचा पक्षिपुरुष म्हणून ज्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं ते डॉ. सलीम अली.

ते मोठे होईपर्यंत चेंबूरचं काय झालं हे वेगळं सांगायला नको. १९५४-५५ च्या सुमारास ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, मग अणुसंशोधन केंद्र, मग खताचा कारखाना. देशाला तेल हवं होतं, खत हवं होतं. पण ते जंगल त्या जागेवर काय काम करत होतं, हा प्रश्न विचारायची पद्धतच तेव्हा नव्हती. मोठा प्रकल्प उभारण्याआधी त्याचा निसर्गावर काय परिणाम होईल हे तपासायची कायदेशीर सक्ती आपल्याकडे आली १९९४ साली. म्हणजे सलीम अली गेल्यानंतर सात वर्षांनी.

आज याच प्रश्नासाठी एक अख्खी शाखा आहे. जंगल पाणी धरून ठेवतं, खारफुटी भरतीचा जोर अडवते, पक्षी अळ्या खातात, मधमाश्या पिकं फळवतात. निसर्गाच्या या फुकट कामांना परिसंस्था सेवा म्हणतात. कुठली जमीन कुठलं काम करते याचा नकाशा काढायचा, जमेल तिथे त्या कामाची रुपयांत किंमत काढायची, आणि मग ठरवायचं की इथे रस्ता करायचा, धरण बांधायचं की हात लावायचा नाही. १९९७ साली काही शास्त्रज्ञांनी तर अख्ख्या पृथ्वीचं असं वार्षिक बिल काढलं, ते सरासरी ३३ लाख कोटी डॉलर भरलं. आकड्यावर बरीच भांडणं झाली, पण चर्चा सुरू झाली.

सलीम अलींच्या तरुणपणी हे शब्द कुणी ऐकलेही नव्हते. तरी त्यांचं निम्मं आयुष्य याच कामात गेलं, आणि त्यात त्यांची एक मोठी चूकही झाली.

हिशोब शिकलेला पक्षिवेडा

जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबईत. सुलेमानी बोहरा कुटुंब, भावंडांत सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मग मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सगळ्या भावंडांना वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन. त्यामुळे पोराच्या हातात छर्ऱ्याची बंदूक लवकर आली.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. एक दिवस सलीमने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी खाल्लेली चालेल का, अशी शंका आली म्हणून तो मामाकडे गेला. मामांनाही ओळखता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवलं. साहेबांनी चिमणी ओळखली, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, आणि पोरगं कायमचं त्या नादाला लागलं. ही संस्था १८८३ साली आठ हौशी माणसांनी सुरू केली होती. पुढे तिचं नाव आणि सलीम अलींचं नाव एकमेकांपासून वेगळं काढता येणार नाही इतकं एक झालं.

पण एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सलीम अलींनी रीतसर शिक्षण घेतलं ते व्यापारी कायद्याचं आणि अकाउंटन्सीचं. झालं असं की कॉलेज अर्धवट सोडून ते घरच्या लाकूड आणि खाणीच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशातल्या तवॉयला गेले. तिथे धंद्यापेक्षा जंगलातच जास्त रमले. १९१७ मध्ये मुंबईत परतल्यावर दावर कॉलेजात हिशोब शिकायला बसले आणि सोबत सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्र. पुढच्याच वर्षी तहमीना बेगम यांच्याशी लग्न झालं.

विद्यापीठाची पदवी मात्र नव्हतीच. झूलॉजिकल सर्व्हेमधली पक्षितज्ज्ञाची जागा त्यामुळे हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांना पक्षी-प्राणी समजावून सांगायची ३५० रुपये महिन्याची नोकरी लागली. दोन वर्षांत तिला कंटाळून ते रजा काढून जर्मनीला गेले. बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान या मोठ्या पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली शिकले. मेलेला पक्षी मोजायचा कसा हे त्यांना येत होतंच. जिवंत पक्षी दिवसभर काय करतो, हे टिपून ठेवणंसुद्धा शास्त्रच आहे, ही दृष्टी तिथे पक्की झाली.

१९३० मध्ये परत आले तर नोकरी गेलेली. पैसे नाहीत म्हणून म्युझियमने जागाच रद्द केली होती.

मग नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. स्वस्तात भागत होतं. घराजवळ एका झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली रोज शिडीवर चढून तासन् तास बसायचे. त्यातून कळलं की नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच संसार मांडते. मग नर ते घरटं पूर्ण करून दुसरं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. या निरीक्षणाने त्यांचं नाव झालं.

फुलटोच्या आणि आंब्यावरचं बांडगूळ

पण किहीमचं दुसरं काम आपल्या विषयाच्या जास्त जवळचं आहे, आणि ते कुणी फारसं सांगत नाही.

कोकणात आंब्याच्या झाडावर बांडगूळ वाढतं. झाडाचा रस शोषून घेतं, फांदी वाळते, शेतकऱ्याचं नुकसान होतं. हे बांडगूळ एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातं कसं? सलीम अलींनी याचा माग काढला. शिंजीर आणि फुलटोच्या हे अंगठ्याएवढे पक्षी बांडगुळाच्या फुलातला मध प्यायला येतात, त्यात परागीकरण होतं. मग फळ धरतं, ते फुलटोच्या गिळतो. चिकट बी विष्ठेतून बाहेर पडतं आणि फांदीला चिकटून बसतं. पक्षी उडून पुढच्या झाडावर. झाली पेरणी. यावर त्यांनी १९३१ मध्ये लेख लिहिला.

गंमत बघा. आंबेवाल्याच्या वहीत हा पक्षी नुकसानीच्या बाजूला जाईल. पण हेच शिंजीर पळस, पांगारा यांसारख्या झाडांच्या फुलांवरही जातात आणि तिथे तेच परागीकरणाचं काम उपकाराचं ठरतं. म्हणजे एकाच पक्ष्याचं एकच काम, पण ते जमेला धरायचं की खर्चाला, हे तुम्ही कुठल्या झाडाखाली उभे आहात यावर ठरतं.

सलीम अलींनी पुढच्या काही वर्षांत याच धाग्यावर लिहिलं. पक्ष्यांचा शेतीला फायदा किती आणि तोटा किती याचा पद्धतशीर अभ्यास व्हायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. याला आर्थिक पक्षिशास्त्र म्हणायचे. बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी कृषी संस्थेतून १९१२ साली पक्ष्यांच्या पोटात काय सापडतं यावर एक अभ्यास आला होता. पद्धत सरळ होती. पक्षी मारायचा, पोट फाडायचं, आत दाणे किती आणि किडे किती ते मोजायचं. पण त्यानंतर देशात या कामाला फारशी गती आली नव्हती.

हा हिशोब वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडच्या ज्वारीच्या शेतकऱ्याला भोरड्या विचारा. हिवाळ्यात त्यांचे थवेच्या थवे उतरतात आणि कणसं साफ करतात. गोफण घेऊन माणूस बसवावा लागतो. पण हीच भोरडी एरवी टोळ आणि नाकतोडे फस्त करते. जानेवारीत पोट फाडलं तर चोर सापडेल, टोळधाडीच्या दिवसांत फाडलं तर राखणदार. म्हणून सलीम अलींचा आग्रह असायचा की अभ्यास वर्षभराचा हवा आणि वेगवेगळ्या भागांतला हवा.

१९४१ मध्ये त्यांचं द बुक ऑफ इंडियन बर्ड्स आलं. चित्रं बघून पक्षी ओळखायचं हे पुस्तक पुढे पिढ्यान् पिढ्या चाललं. त्यात पक्ष्यांच्या उपयोगावर वेगळा मजकूर आहे. कीड खाणारे, उंदीर मारणारे, मेलेली जनावरं साफ करणारे, फुलं फळवणारे, बिया पसरवणारे. मैनेच्या कुळातली एक जोडी पिल्लांसाठी दिवसाला ३७० खेपा घालते, अशी निरीक्षणंही त्यात दिली आहेत. अकाउंटन्सी शिकलेला माणूस, मोजल्याशिवाय बोलणार नाही.

साष्टीची यादी

आता उपनगरांकडे येऊ. आज ज्याला आपण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर म्हणतो तो सगळा भाग साष्टी बेटाचा. १९३६ ते १९३९ या काळात सलीम अलींनी नात्यातल्याच हुमायून अब्दुलअलींबरोबर मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर लेखमाला लिहिली. पुढे तिचं पुस्तक झालं. कुठला पक्षी कुठे, कुठल्या महिन्यात, किती सहज दिसतो याची ती नोंद आहे.

तेव्हा ही यादी म्हणजे हौशी लोकांचा उद्योग वाटला असेल. पण जमिनीबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा तर आधी तिथे काय होतं हे माहीत असावं लागतं. अंधेरीच्या खाजणात काय होतं, पवईच्या काठाला काय होतं, हे आज उपग्रहाच्या फोटोतून कळत नाही, कारण तेव्हा उपग्रहच नव्हते. कुणीतरी चालत जाऊन लिहून ठेवलं होतं म्हणून कळतं.

याच बेटाच्या मधोमध एक जंगल आहे, बोरिवलीचं नॅशनल पार्क. साधारण १०४ चौरस किलोमीटर. एवढ्या महाग जमिनीवर ते टिकलं कसं, याचं मोठं उत्तर पक्ष्यांमध्ये नाही, पाण्यात आहे. विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला, तुळशी १८७९ मध्ये. मुंबईला नळाचं पाणी द्यायचं तर तलावात गाळ आणि घाण येता कामा नये, म्हणून भोवतालची जमीन राखली गेली. तिथल्या गावांना त्यासाठी उठावं लागलं, हेही त्यात आलं. परिसंस्था सेवा हा शब्द जन्माला यायच्या शंभर वर्षं आधी साष्टीतल्या एका टेकडीची किंमत पाण्याच्या भाषेत ठरली होती. चेंबूरच्या टेकड्यांखाली तलाव नव्हता.

फुकट सर्व्हे करून देणारा माणूस

नोकरी नसलेल्या सलीम अलींनी तीसच्या दशकात एक शक्कल लढवली. त्यांनी संस्थानांना कळवलं की तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांचा सर्व्हे मी करून देतो, मला पगार नको, फक्त मोहिमेचा खर्च द्या. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी एकेक संस्थानं तयार झाली. तंबू, बैलगाडी, बंदूक, वह्या आणि सोबत तहमीना. त्या इंग्लंडमध्ये शिकलेल्या होत्या, सलीम अलींचं इंग्रजी लिखाण सुधारण्यात त्यांचा मोठा हात होता. १९३९ मध्ये एका छोट्या ऑपरेशननंतर त्या गेल्या. त्यानंतर सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बांद्र्याला पाली हिलवर बहीण कामू आणि मेहुणे हसन यांच्या घरी ते राहिले, शेवटपर्यंत.

या सर्व्हेंचा जमिनीशी काय संबंध? एकच उदाहरण पुरे. १९३३ च्या सुमारास ते त्रावणकोर-कोचीनमध्ये फिरत होते. पेरियार नदीकाठचं तट्टेक्काड हे जंगल पाहून त्यांनी नोंद केली की दक्षिणेत पक्ष्यांनी इतकी समृद्ध जागा दुसरी नाही. ती नोंद कागदावर पडून राहिली. १९८३ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी, तिथे पक्षी अभयारण्य झालं.

१९४५ मध्ये ते उंटावर बसून कच्छच्या मोठ्या रणात गेले आणि तिथल्या रोहित पक्ष्यांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, प्रचंड वसाहतीची मोजदाद केली. आज भांडुप, मुलुंड, घाटकोपरच्या लोकांना खाडीत गुलाबी थवे दिसतात, त्यांचं नातं गुजरातच्या त्या खारट प्रदेशाशी आहे. ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला २०१५ मध्ये.

सलीम अली भाबडे निसर्गप्रेमी नव्हते. अभ्यासासाठी त्यांनी आयुष्यभर पक्षी मारले आणि ते लपवलंही नाही. मुलांना निसर्ग वाचवा हे शिकवताना अहिंसेचा किंवा पवित्र गाईचा आधार घेणं त्यांना चुकीचं वाटायचं. निसर्ग राखायचा तो विज्ञानासाठी, संस्कृतीसाठी, सौंदर्यासाठी, विरंगुळ्यासाठी आणि आर्थिक फायद्यासाठी, अशी त्यांची स्वच्छ भूमिका होती. आजच्या परिसंस्था सेवांच्या तक्त्यात जवळपास हेच रकाने असतात.

भरतपूर

आता त्या म्हशींकडे येऊ.

राजस्थानातलं भरतपूर. तिथल्या राजांनी खोलगट जमिनीत बांध घालून पाणी सोडलं आणि बदकांच्या शिकारीसाठी दलदल तयार केली. केवलादेव म्हणतात तिला. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी इथे ४,२७३ पक्षी पाडले. योगायोग असा की तो सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता.

स्वातंत्र्यानंतर आसपासच्या लोकांनी मागणी केली की राजांची शिकारीची हौस संपली, आता दलदल आटवा आणि जमीन व पाणी शेतीला द्या. मागणी अन्यायाची नव्हती. पोटाचा प्रश्न होता. सलीम अली थेट पंतप्रधान नेहरूंकडे गेले. सायबेरियापासून येणाऱ्या पक्ष्यांसाठी ही जागा किती महत्त्वाची आहे हे त्यांनी पटवलं. दलदल वाचली. पुढे १९५९ पासून त्यांनी तिथे पक्ष्यांच्या पायात कड्या घालायचं मोठं काम सुरू केलं. त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती, कारण स्थलांतर करणारे पक्षी रोगाचे विषाणू घेऊन येतात का हे बघायचं होतं. हजारो पक्ष्यांच्या कड्यांमधून ते कुठून येतात आणि कुठे जातात याचा नकाशा तयार होत गेला.

मग आली मधली काही वर्षं. कीर्ती खूप झाली. अमेरिकेच्या डिलन रिप्लींबरोबर त्यांनी १९६८ ते १९७४ मध्ये भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण केला. १९७६ मध्ये पद्मविभूषण. पॉल गेटी पुरस्काराचे ५० हजार डॉलर मिळाले ते त्यांनी निसर्ग संवर्धनाच्या कामाला दिले. केरळच्या सायलेंट व्हॅलीत धरण होऊ नये म्हणून ते उभे राहिले. तिथे केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या लोकांनी धरणाचा फायदा-तोटा आकडे मांडून तपासला होता, आंदोलनाला त्याचं बळ होतं. धरण रद्द झालं, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

त्यांचा शब्द आता सरकारदरबारी वजनदार होता. आणि इथेच भरतपूरला गडबड झाली.

केवलादेवमध्ये आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या चरायच्या. पाण्यात शिरून गवत खायच्या. पक्षितज्ज्ञांचं मत होतं की ही गुरं दलदलीची नासाडी करतात, पक्ष्यांना त्रास देतात, त्यांना बाहेर काढा. सलीम अली याच मताचे होते. १९८२ मध्ये केवलादेवला राष्ट्रीय उद्यान करण्यात आलं आणि चराई बंद झाली. गावकऱ्यांना दुसरं कुरण दाखवलं गेलं नाही. लोक चिडले, नोव्हेंबरमध्ये गुरं घेऊन आत घुसायला निघाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकऱ्यांचा जीव गेला.

इतकं होऊन निदान पक्ष्यांचं तरी भलं झालं का?

तेही झालं नाही. म्हशी गेल्यावर पाण्यातलं एक गवत सुसाट वाढलं. उघडं पाणी झाकलं गेलं. पाणपक्ष्यांना पोहायला, मासे पकडायला, कंद उकरायला जागा उरेना. ज्या पक्ष्यांसाठी हा खटाटोप केला त्यांचीच संख्या घटू लागली. म्हशी इतकी वर्षं फुकटात गवत कापायचं काम करत होत्या. आजच्या भाषेत सांगायचं तर ती एक परिसंस्था सेवाच होती, फक्त ती माणसाच्या पाळीव जनावराकडून मिळत होती, म्हणून कुणाच्या वहीत ती जमेला लागली नाही. गावकऱ्यांना ते माहीत असणार, पण त्यांना विचारलं कुणी?

हे शोधून काढलं ते दुसऱ्या कुणी नाही, सलीम अलींच्याच संस्थेने. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० पासून केवलादेवचा दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला होता. बंदीच्या आधी दोन वर्षं मोजणी सुरू झालेली असल्याने आधी काय होतं आणि नंतर काय झालं याची तुलना करता आली. निष्कर्ष संस्थेच्या गुरूच्या मताविरुद्ध जात होता. तरी त्यांनी तो लिहिला. मोजून आलेलं आधी आणि मत नंतर, ही शिस्त त्या संस्थेला सलीम अलींनीच लावली होती, हेही इथे नोंदवायला हवं.

जिवाणू, गवत, म्हशी आणि त्यांचा मालक हे सगळं एकत्र मोजायची सवय तेव्हाच्या पक्षिशास्त्राला नव्हती. बंदुकीने मिळवलेल्या नमुन्यांवर उभं राहिलेलं ते शास्त्र होतं. पण म्हणून चूक लहान ठरत नाही, माणसं गेली होती.

शेवटची वर्षं

१९८५ मध्ये सलीम अलींचं आत्मचरित्र आलं, नाव त्याच पडलेल्या चिमणीवरून. त्याच वर्षी त्यांना राज्यसभेवर नेमण्यात आलं. कर्करोगाने गाठलं होतं. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ९०. केवलादेवचा शेवटचा अहवाल १९९१ मध्ये आला, तो त्यांना पाहता आला नाही.

ते गेले त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. साष्टीच्या पक्ष्यांची यादी ज्यांच्याबरोबर केली होती त्या हुमायून अब्दुलअलींनी बेडकांचा प्रश्न लावून धरला होता. तेव्हा आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी हॉटेलांसाठी जायच्या आणि परकीय चलन यायचं. अब्दुलअलींनी बेडूक काय खातो ते तपासलं. भातशेतीतली कीड तो खात होता. बेडूक विकून मिळणारे पैसे आणि बेडूक नसल्यामुळे कीटकनाशकांवर होणारा खर्च, असा हिशोब समोर मांडला गेला. १९८७ मध्ये सरकारने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. किहीमच्या फुलटोच्यापासून सुरू झालेला विचार असा एकदा सरळ सरकारी आदेशापर्यंत पोहोचला.

आणि साष्टी? सोसायटीला शंभर वर्षं झाली त्या १९८३ साली राज्य सरकारने तिला गोरेगावला, नॅशनल पार्कला लागून, ३३ एकर जागा दिली. फिल्मसिटीच्या वाटेवर आहे ती. तिथे आता निसर्ग शिक्षण केंद्र चालतं, उपनगरांतल्या शाळांची मुलं येतात. हातात यादी देतात, पक्षी बघून खूण करायची असते. त्या यादीत दयाळही असतो.